मदत हवी आहे: रेटिनाच्या मॉडेलमध्ये वाय पेशी जमत नाहीये

नमस्कार मंडळी,

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी मांजराच्या रेटिनातल्या (डोळ्याच्या पडद्यातल्या) गँगलियन पेशीचं, म्हणजे मेंदूकडे संदेश पाठवणाऱ्या पेशीचं, मॉडेल पायथनमध्ये लिहितेय आणि दोन आठवडे एकाच जागी अडकलेय.

पाया रॉडिएकच्या १९६५ च्या मॉडेलचा: पेशी जेवढ्या भागातला उजेड टिपते त्याच्या केंद्रासाठी अरुंद गाउसियन (घंटेच्या आकाराचा वक्र), त्यातून भोवतालचा रुंद गाउसियन वजा, शेवटी ऋण आकडे शून्य करणारं रेक्टिफिकेशन. कफलरने १९५३ मध्ये दाखवलेला केंद्र आणि भोवताल यांचा विरोध त्यात सुरेख उतरतो. एक्स पेशीला (उजेड-अंधाराची सरळ बेरीज करणारा गँगलियन पेशींचा प्रकार) एवढं पुरतं.

घोळ दुसऱ्या प्रकाराचा, वाय पेशीचा आहे. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची आलटूनपालटून अदलाबदल केली, की खरी वाय पेशी एका आवर्तनात दोनदा प्रतिसाद देते, मग पट्ट्या कुठेही धरा. माझं मॉडेल मात्र पट्टीची कडा केंद्राच्या बरोबर मधोमध आली की ठार गप्प. कारण कळतंय: डावीकडचा उजेड आणि उजवीकडचा अंधार बेरजेतच एकमेकांना काटतात, रेक्टिफिकेशनच्या हाती शून्य येतं. म्हणून ते बेरजेआधी, प्रत्येक पिक्सेलवर लावलं. दुप्पट प्रतिसाद आला, पण आता कितीही बारीक पट्ट्यांना येतो! खऱ्या पेशीत असं होत नाही.

व्हाइट नॉइज (यादृच्छिक ठिपक्यांची चित्रं) देऊन स्पाइकआधीच्या (पेशीच्या विद्युत ठोक्याआधीच्या) चित्रांची सरासरीही काढली. दोन्ही आवृत्त्यांत जवळजवळ तोच गुळगुळीत डाग, त्यावरून काहीच ठरत नाही. रेक्टिफिकेशन नेमकं कुठे बसवू?

प्रतिसाद १:
ताई, पिक्सेल आणि गँगलियन यांच्या मधली पायरी गाळली गेलीय, गँगलियनला संदेश पोचवणाऱ्या बायपोलर पेशींची. हॉकस्टीन आणि शॅप्ली यांनी १९७६ मध्ये वाय पेशीसाठी उपघटक (तिच्या क्षेत्रातले छोटे तुकडे) मांडले, ते इथे लागतील. केंद्रापेक्षा बऱ्याच लहान गाउसियनांची जाळी पसरा. प्रत्येकात आधी साधी बेरीज, मग त्याचं रेक्टिफिकेशन, आणि त्यानंतर गँगलियनच्या रुंद गाउसियनचं वजन देऊन एकूण. पट्ट्या उपघटकापेक्षा बारीक झाल्या की उजेड-अंधार त्याच्या आतच काटले जातात आणि प्रतिसाद विरतो. म्हणून उपघटकाचा आकारही तिथूनच काढा: पट्ट्या बारीक करत न्या, दुप्पट वारंवारतेचा प्रतिसाद कुठे ढासळतो ते बघा. तोवर भोवताल बंद ठेवा, नाहीतर दोन परिणाम एकमेकांत मिसळतील.

धागाकर्ती:
खूप खूप आभार! आत्ताच चालवून पाहिलं. मधोमधच्या कडेलाही दोन ठोके येतात आणि बारीक पट्ट्यांवर विरतात. आता भोवताल परत आणायचाय. तो प्रत्येक उपघटकात रेक्टिफिकेशनआधी वजा करू, की शेवटच्या बेरजेत?