स्टेपनीसोबत कोणता जॅक ठेवता? अनुभव येऊ द्या

नव्या गाड्यांमधून स्टेपनी हळूहळू नाहीशी होते आहे. तिच्या जागी पंक्चर बुजवणाऱ्या द्रावणाची बाटली आणि छोटा पंप मिळतो. टायरच्या तळात खिळा घुसला असेल तर त्यावर भागतं, पण टायर बाजूने फाटला तर त्या बाटलीचा काही उपयोग नाही. म्हणून मी स्टेपनी वेगळी घेतली आणि आता जॅक शोधते आहे. जिथे चौकशी करावी तिथे पहिला प्रश्न येतो, "किती टनाचा हवा?" माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. हवा जाऊन टायर पूर्ण बसलेला असताना जॅक गाडीखाली जाईल का, आणि हवा भरलेली स्टेपनी चढवण्याइतकी गाडी तो वर उचलेल का, हे आधी बघायला हवं.

माझ्या हॅचबॅकचं माप देते. टायर १८५/६५ आर१५, म्हणजे टायरच्या बाजूची उंची १८५ मिमीच्या ६५ टक्के, साधारण १२० मिमी. हवा असताना पुढच्या जॅक पॉइंटखाली (जॅक लावायच्या ठरलेल्या जागेखाली) १९ सेंमी जागा भरली. व्हॉल्व्हमधून सगळी हवा सोडली तेव्हा साडेतेरा उरली. दोन टनी बॉटल जॅक (तेलाच्या दाबावर उचलणारा, बाटलीसारखा उभा) मिटलेला असतानाच बहुधा १५ ते १८ सेंमी उंच असतो, त्यामुळे तो माझ्यासाठी तिथेच बाद झाला.

तुमची गाडी कोणत्या प्रकारची, जॅक कोणता, तो ठेवता कुठे आणि वेळ आली तेव्हा त्याने साथ दिली का, सविस्तर लिहा. माप दिलंत तर फार उपयोग होईल.

*

माझी सेडान तुमच्या गाडीपेक्षाही खाली आहे, त्यामुळे सिझर जॅकच ठेवतो, म्हणजे स्क्रू फिरवला की कात्रीसारखे हात उघडून उचलणारा. मिटल्यावर तो दहा सेंमीच्या आसपास राहतो आणि वजन तीन किलोच्या आत. पण त्याची एक गोष्ट घेण्याआधी माहीत असावी. सुरुवातीचे फेरे सगळ्यात जड जातात. जॅकचे हात आडवे पडलेले असतात तेव्हा गाडीचं वजन स्क्रूला दोन्हीकडून जोरात ताणतं. हात उभे होत जातात तसं फिरवणं हलकं होतं. म्हणून मोजलेल्या जागेत जेमतेम शिरणारा जॅक घेऊ नका. दोन-तीन सेंमी कमी उंचीचा घ्या. मग भार येईपर्यंत हात थोडे उभे झालेले असतात.

दुसरं, हँडल कसं लागतं ते बघा. काही जॅकच्या टोकाला नुसती कडी असते. तिच्यात आकड्याचं हँडल अडकवून फिरवायचं म्हटलं की दर फेऱ्याला बोटांची पेरं रस्त्यावर घासतात. माझ्या जॅकच्या टोकाला षटकोनी डोकं आहे. त्यावर सॉकेट आणि रॅचेट (एकाच दिशेने पकड घेणारा दांडा) बसतं, आणि पूर्ण फेरा न घेता पुढे-मागे हात हलवून काम होतं. भर पावसात महामार्गाच्या कडेला बसून चाक बदललं तेव्हा या एका सोयीची खरी किंमत कळली.

*

चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक वापरायला सर्वात सुखाचा, स्थिर आणि झटपट. पण लहानातला लहानही आठ-दहा किलोच्या घरात जातो आणि डिकीत सामानाची जागा खातो. मी तो घरीच ठेवते, टायरची अदलाबदल करायला. गाडीत सिझर.

*

एसयूव्हीवाल्यांचं गणित वेगळं आहे, ते मांडतो. माझ्या गाडीखाली भरपूर जागा आहे, त्यामुळे शिरण्याची अडचण कधीच नव्हती. अडचण वर उचलण्याची. चॅसिसला जॅक लावला की बॉडी वर जाते, पण चाक सस्पेन्शनवर लोंबत खालीच राहतं. जॅकचा बराचसा पल्ला स्प्रिंग मोकळी होण्यातच जातो आणि टायर अजून जमिनीलाच टेकलेला. आधीच्या मालकाने गाडीसोबत दिलेला जॅक दुसऱ्याच कुठल्या तरी लहान गाडीचा होता. तो पूर्ण उघडला तरी चाक सुटेना.

आता दोन टनी बॉटल जॅक आहे आणि मागचं चाक असेल तर मी तो सलग ॲक्सलखाली, म्हणजे मागची दोन्ही चाकं जोडणाऱ्या अखंड दांड्याखाली लावतो, मॅन्युअलमध्ये दाखवलेल्या जागी. तिथे लावला की ॲक्सलबरोबर चाक थेट उचललं जातं, पल्ला वाया जात नाही. जॅकच्या माथ्यावर हाताने फिरवायचा एक स्क्रू असतो. तो आधी वर काढून ॲक्सलला टेकवून घ्यायचा आणि मगच दांडा मारायचा.

इंग्लिश संशोधक जोसेफ ब्रामाने १७९५ साली पेटंट घेतलेल्या हायड्रॉलिक प्रेसचंच हे लहान रूप, आणि त्याचा सगळा जीव सीलमध्ये असतो. जॅक डिकीत आडवा लोळत राहिला तर तेल झिरपतं, आत हवा शिरते, आणि ऐनवेळी दांडा नुसता वर-खाली होतो, गाडी हलत नाही. मी तो उभा, पट्ट्याने आवळून ठेवतो. हवा शिरलीच असेल तर खालचा व्हॉल्व्ह उघडून काही वेळा पूर्ण दांडा मारायचा, मग व्हॉल्व्ह बंद करून बघायचं. गाडी उतरवताना हा व्हॉल्व्ह अगदी हळू सोडावा. जरा जास्त फिरला तर गाडी धाडकन खाली येते.

*

वरच्या मुद्द्याला जोडून. माझ्या गाडीच्या हबला (चाक जिथे बसतं त्या मधल्या भागाला) बाहेर आलेले स्क्रू, म्हणजे स्टड नाहीत, चाक बोल्टने बसतं. म्हणजे चाक टांगून ठेवायला काहीच नसतं. एका हाताने चाक धरायचं आणि दुसऱ्याने भोकं जुळवून पहिला बोल्ट लावायचा. इथे उंची मिलिमीटरमध्ये कमी-जास्त करावी लागते. सिझर जॅकवर अर्धा फेरा पुढे, पाव मागे असं सहज जमतं. बॉटल जॅक वर नेताना सोपा, पण किंचित खाली आणणं कठीण. गाडीच्या किटमध्ये हबच्या भोकात फिरवून बसवायची पिन असेल तर ती जॅकच्याच पिशवीत ठेवा. ती लावली की चाक तिच्यावर टांगता येतं.

*

गॅरेजमध्ये बरीच वर्षं हात काळे केले आहेत, त्या अनुभवावरून लिहितो.

बहुतेक कारच्या दारांखाली, आतल्या बाजूला, दोन पत्रे जोडून वेल्ड केलेली एक उभी धार असते. पुढच्या चाकामागे आणि मागच्या चाकापुढे त्या धारेला दोन-दोन खाचा किंवा खुणा असतात. त्या दोन खुणांच्या मधला भाग आतून मजबूत केलेला असतो. जॅक तिथेच लागला पाहिजे. आता जॅकचं डोकं बघा. त्याला मधोमध खोबण असेल तर धार खोबणीत बसते आणि वजन दोन्ही बाजूंच्या पत्र्यावर जातं. डोकं सपाट असेल तर सगळं वजन त्या पातळ धारेवर येतं. दुमडलेली धार घेऊन आलेल्या गाड्या मी कायम बघत आलो. तिथला रंग तडकतो, मग पाणी शिरतं आणि काही पावसाळ्यांत पत्रा आतून सडतो. आवडलेल्या जॅकला खोबण नसेल तर खाच असलेला रबरी ठोकळा मिळतो, तो सोबत घ्या. खोबणीची खोली मात्र धारेपेक्षा जास्त हवी, नाहीतर धार तळाला टेकते आणि व्हायचं तेच होतं.

टनाबद्दल. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर गाडीचं भारासहित एकूण वजन लिहिलेलं असतं. एका कोपऱ्यावर त्याचा साधारण चौथा-तिसरा हिस्सा येतो, पण एका बाजूची दोन्ही चाकं एकदम उचलली जाऊ शकतात. म्हणून एकूण वजनाच्या निम्म्याहून वरचा जॅक असावा. दीड टन भरणाऱ्या गाडीला एक टनी पुरतो, दीड टनी निश्चिंत.

जॅक घेताना अर्धा उघडा आणि डोकं धरून बाजूला हलवा. रिव्हेटमध्ये खडखड जाणवली तर ठेवून द्या. हातांच्या टोकांना एकमेकांत अडकणारे दाते असतात, ते दोन्हीकडे सारखे बसलेत का बघा. तळ जितका रुंद तितका चांगला. स्क्रूवर ग्रीस असावं. पुढेही अधूनमधून लावत राहा.

आणि जॅकवर उभ्या गाडीखाली हात-पाय, डोकं काहीही घालायचं नाही. काढलेलं चाक दाराखाली आडवं सरकवून ठेवा. जॅक सटकला तर गाडी त्या चाकावर टेकते.

*

धागाकर्ती: खोबणीबद्दल मनापासून आभार, हे कुठेच वाचलं नव्हतं. माझ्या गाडीची धार मोजली, खुणांच्या मधे ती दीड सेंमी खोल आहे. १२ व्होल्टवर चालणाऱ्या इलेक्ट्रिक जॅकचा कोणाला अनुभव आहे का?

*

मला आहे. मनगटाच्या दुखण्यामुळे हँडल फिरवणं मला शक्य नाही, त्यामुळे मी इलेक्ट्रिकच वापरते. आत सिझरच आहे, फिरवायचं काम मोटार करते. पुढचं चाक मी कोणाच्याही मदतीशिवाय बदललं, याचं समाधान मोठं होतं. पण वायर मागच्या चाकापर्यंत पोचते का ते आधी ताणून बघा. मोटार बराच करंट घेते, तेव्हा सॉकेटचा फ्यूज तेवढा झेपणारा आहे का तेही तपासा. मिटलेली उंची साध्या जॅकपेक्षा बहुधा जास्त असते, तुमच्या साडेतेरा सेंमीत बसेलच असं नाही. हाताने फिरवायची सोय असलेलाच घ्या. आणि नट सैल करायला जोर लागतोच. मी त्यासाठी लांब दांड्याचा पाना ठेवला आहे. पाव वळसा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करायचे, नाहीतर चाक नुसतं फिरत राहतं.

*

ओल्या मातीच्या रस्त्यावर जॅकचा तळ गाडी उचलण्याऐवजी जमिनीत शिरत गेला, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हापासून स्टेपनीखाली १८ मिमी प्लायवूडचा चौकोनी तुकडा असतो. वाळूत जाणाऱ्यांसाठी सायलेन्सरच्या धुराने फुगणारी जॅकची पिशवीही मिळते. ओळखीत एकाकडे आहे, वाळूत छान उचलते, पण टोकदार दगड किंवा गरम सायलेन्सर लागला की फाटायची भीती.

*

इलेक्ट्रिक कारवाल्यांनी अंदाजाने कुठेही जॅक लावू नये. पोटाखाली सगळीकडे बॅटरी पॅक असतो. माझ्या गाडीला चार ठिकाणी गोल भोकं आहेत. त्यात बसणारे रबरी गुटके वेगळे घ्यावे लागले. ते लावले की खालची जागा तेवढी कमी होते, म्हणून माप गुटका लावूनच घ्या.

*

उताराबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांवर लागतो आणि आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या गाडीत इंजिनची ताकद पुढच्या चाकांना जाते. पुढचं एक चाक उचललं की गिअरचा आधार संपतो, कारण हवेतलं चाक डिफरेन्शियलमुळे (दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या गिअरमुळे) मोकळं फिरतं. मागचं उचललं की हँडब्रेक उरलेल्या एकाच चाकावर राहतो. म्हणून गिअर आणि हँडब्रेक दोन्ही लावायचे, आणि शिवाय तिरक्या समोरच्या चाकाला लाकडी पाचर. माझ्या वडिलांकडून आलेल्या दोन पाचरी जॅकच्या पिशवीत कायम असतात. उतारावर जॅक लावायचाच नाही, हळूहळू पुढे नेऊन सपाट जागा गाठायची. त्या टायरचा जीव गेला तरी चालेल.

*

सीएनजी टाकीमुळे आमची डिकी भरलेली. जॅक आणि पाना पुढच्या सीटखाली, कापडी पिशवीत. सामान न उपसता हाताला येतो, एवढंच सांगायचं होतं.

*

जॅकसोबत स्टेपनीची हवाही बघत जा. अरुंद, तात्पुरत्या स्टेपनीला बहुधा ६० पीएसआय लागते, नेहमीच्या टायरच्या जवळपास दुप्पट, आणि तिच्यावर ताशी ८० किमीच्या वर जायचं नसतं. पडून पडून तिची हवा उतरते. जॅक लावून, घाम गाळून बसलेलीच स्टेपनी चढवली तर सगळी मेहनत फुकट.

*

ठेवायच्या जागेबद्दल. सुटा जॅक डिकीत कधीच नको. जोरात ब्रेक लागला की तीन किलोचं लोखंड पुढे येतं. माझ्या गाडीत स्टेपनीशेजारी पत्र्याचा ब्रॅकेट आहे. जॅक त्यात ठेवून हाताने थोडा उघडला की तो वर-खाली घट्ट बसतो आणि खडखडही थांबते. ब्रॅकेट नसेल तर रिमच्या पोकळीच्या मापाचा फोम कापून त्यात जॅक बसवता येतो. एक मात्र लक्षात ठेवा, ब्रॅकेटमध्ये फार घट्ट केलेला जॅक नंतर हाताने सुटत नाही. मी पान्याने शेवटचा पाव फेरा देते आणि पाना तिथेच, जॅकच्या वर बांधून ठेवते.