मदत हवी आहे: आईच्या ८४ दिवसांच्या प्लॅनला पर्याय सुचवा

नमस्कार मंडळी. आई आजऱ्याजवळ गावी एकटी असते. तिच्या फोनवर मी कित्येक वर्षं ८४ दिवसांचा, रोज दीड जीबीचा अनलिमिटेड रिचार्ज मारतोय. जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले, तेव्हापासून तो जड जातोय. आणि खरं सांगायचं तर दीड जीबी तिला लागतच नाही. संध्याकाळी नातवाशी व्हिडिओ कॉल, बस्स. बाकी डेटा रोज रात्री बारा वाजता वायाच जातो.

ट्रायने (दूरसंचार कंपन्यांची सरकारी नियामक संस्था) डिसेंबर २०२४ मध्ये फक्त कॉल आणि एसएमएसचे पॅक देणं कंपन्यांना बंधनकारक केलं. तसा पॅक घेऊन वर छोटा डेटा व्हाउचर टाकला तर चालतो का? कुणी प्रत्यक्ष वापरलंय?

दुसरा पर्याय बीएसएनएल. १९०० वर मेसेज टाकून पोर्ट करता येईल, पण घरात रेंज नसेल तर काय उपयोग! आजरा-गडहिंग्लज भागातल्या लोकांनी ४जीचा अनुभव जरूर सांगा. पेन्शनचं बँक खातं, गॅस, आधार सगळं याच नंबरला जोडलेलं आहे, त्यामुळे नंबर एक दिवसही बंद पडायला नको. सध्याचा रिचार्ज पुढच्या आठवड्यात संपतोय.