ग्रीन हॉर्नेटच्या गादीचा खरा वारस कोण?

निशाचर

शिकागोच्या 'नाऊ कॉमिक्स'ने १९८९ ते १९९५ या काळात काढलेली 'ग्रीन हॉर्नेट' ही मुखवटा घालून गुन्हेगारांशी लढणाऱ्या वृत्तपत्रमालकाची चित्रकथा आज फारशी कोणाच्या स्मरणात नाही, पण मुखवट्याचा वारसा पिढ्यान्‌पिढ्या कसा उतरतो याचा इतका काळजीपूर्वक विचार केलेली दुसरी मालिका मी वाचलेली नाही. अडचण अशी होती की ब्रिट रीड नावाचे दोन नायक लोकांच्या मनात आधीपासूनच होते. एक १९३६ साली डेट्रॉइटच्या नभोवाणी केंद्रावरून घरोघरी पोहोचलेला, तर दुसरा १९६६-६७च्या दूरचित्रवाणी मालिकेतला, ज्याच्या शेजारी काटो या साथीदार-चालकाच्या भूमिकेत ब्रूस ली होता. लेखक रॉन फोर्टियर यांनी दोघांपैकी कोणालाही खोटे न ठरवता त्यांना काका-पुतणे केले. पुढच्या पिढीत त्यांनी पॉल रीड हा पियानोवादक आणला, आणि थोरला भाऊ अ‍ॅलन पहिल्याच मोहिमेत मारला गेल्यावर मुखवटा पॉलकडे आला.

तरीही माझे म्हणणे असे आहे की या कथेतला खरा वारसा रीड घराण्याचा नसून काटो घराण्याचा आहे. रीडांकडे पिढीजात चालत येते ते नाव, वृत्तपत्र आणि पैसा. यंत्रांची जाण आणि हातघाईच्या लढाईची विद्या मात्र पहिल्या ब्रिटचा साथीदार इकानो काटो याच्याकडून त्याचा मुलगा हायाशी (दूरचित्रवाणीवरचा, म्हणजे ब्रूस लीचा काटो) आणि बरीच धाकटी मुलगी मीशी यांच्याकडे येते. पॉलची पहिली साथीदार मीशीच होती. या पात्रांच्या हक्कधारकांनी स्त्री काटोला दिलेली मान्यता मागे घेऊन 'ब्रूस लीचा काटो' परत आणायला लावला, तेव्हा या मालिकेचा कणा मोडला असे मी मानतो.

जुनी शाई

तुमचे म्हणणे मला मुळातूनच पटत नाही, कारण ग्रीन हॉर्नेट या कल्पनेला वारस लागतच नाही. इंद्रजाल कॉमिक्समधून मराठीत वाचलेला वेताळ (फँटम) आठवा. त्याचाही जन्म १९३६ सालचाच. तिथे एकविसावा वेताळ आधीच्या विसांसारखाच दिसावा लागतो, कारण वेताळाला मरण नाही हा जंगलातला समज हेच त्याचे शस्त्र आहे आणि गादी रिकामी राहिली तर ते शस्त्रच निकामी होईल. हॉर्नेटचे बळ अगदी वेगळ्या ठिकाणी आहे. पोलीस आणि गुंड दोघेही त्याला गुन्हेगार समजतात, म्हणून तो टोळ्यांमध्ये शिरू शकतो. वृत्तपत्राच्या प्रतिष्ठित मालकाने आपण होऊन ही बदनामी पत्करावी, हा एका माणसाने स्वतःच्या विवेकाने घेतलेला निर्णय आहे. तोच निर्णय पुतण्याने आणि नातवंडाच्या पिढीने घराण्याची रीत म्हणून घेतला, तर त्यातला विवेक जाऊन नुसते कुळाचार उरतात.

काटो घराण्याबद्दल तर मला अधिकच खेद वाटतो. तुम्ही ज्याला विद्येचा वारसा म्हणता, त्यात मला पिढीजात चाकरी दिसते. रीडांची मुले मालक होतात आणि काटोंची मुले गाडी चालवतात.

कोरा कागद

हक्कधारकांना इतक्या सहज दोषी ठरवणे मला न्याय्य वाटत नाही. हाँगकाँगमध्ये ती दूरचित्रवाणी मालिका 'द काटो शो' म्हणून ओळखली गेली, इतकी या पात्राची ओळख एका नटाशी जोडलेली होती, आणि ती ओळख जपणे हे मालकाचे काम आहे. शिवाय वारसा कोणाचा हे अशा मालिकांमध्ये लेखक एकटा कधीच ठरवत नाही. नभोवाणीच्या कथेत ब्रिटचे वडील डॅन रीड हे लोन रेंजर या नभोवाणीवरच्याच दुसऱ्या मुखवटाधारी नायकाचे पुतणे होते. मात्र पुढे दोन्ही पात्रांचे हक्क वेगवेगळ्या मालकांकडे गेल्यामुळे 'नाऊ'ला त्या पूर्वजाचे नाव उघडपणे घेता येत नव्हते.

निशाचर

जुनी शाई, चाकरीचा मुद्दा मी टाळणार नाही, पण फोर्टियर यांनीही तो टाळलेला नाही. नभोवाणीवरचा काटो आधी जपानी होता आणि पुढे तो फिलिपिनो झाला. या विसंगतीला चित्रकथेने कारण दिले. युद्धकाळात जपानी वंशाच्या सुमारे १,२०,००० लोकांना अमेरिकेने छावण्यांमध्ये डांबले, आणि इकानोवर ती वेळ येऊ नये म्हणून रीड त्याला फिलिपिनो म्हणवतो. म्हणजे नायकाच्या मुखवट्याआधी साथीदाराला मुखवटा घालावा लागला, आणि तोही स्वतःच्या देशाचे नाव लपवणारा. हे वाचताना मला मालक आणि नोकर यांच्यापेक्षा एकमेकांचे प्राणांतिक गुपित जपणारी दोन माणसे दिसतात. अर्थात त्या उपकाराचे ओझे इकानोच्या मुलांनीही का वाहावे, हा तुमचा प्रश्न शिल्लक राहतो हे मला मान्य आहे.

कोरा कागद यांना मात्र मी ठामपणे विरोध करतो. मीशीला मोटारींची रचना करण्यासाठी झुरिकला पाठवल्याचे दाखवून बाजूला केले गेले आणि हायाशी परतला. पण पुढे हायाशीच्या जागी इकानोचा नातू कोनो आला आणि मालिका संपेपर्यंत तोच पॉलचा साथीदार राहिला. ब्रूस लीशी जोडलेली ओळख इतकी मोलाची होती, तर कोनोही चालायला नको होता. म्हणजे नवा काटो खपला, केवळ ती मुलगी असणे खपले नाही.

कोरा कागद

कोनोचे उदाहरण माझ्या युक्तिवादाला छेद देते हे मी स्वीकारतो. मालक या नात्याने त्यांना नकार देण्याचा अधिकार होता, एवढेच मी आता म्हणेन. तो नकार योग्य होता असे म्हणणार नाही.

जुनी शाई

माझी हरकत तरीही कायम आहे, आणि ती मीशीच्याच बाजूची आहे. आपण तिघेही तिच्या साथीदारपदासाठी भांडत आहोत. अ‍ॅलन मेला तेव्हा घरात लढाईचे शिक्षण घेतलेली, यंत्रे जाणणारी एक व्यक्ती उपलब्ध होती, आणि मुखवटा दिला गेला तो पियानो वाजवणाऱ्या धाकट्या भावाला. हॉर्नेट मीशीनेच का होऊ नये, हा विचार मालिकेतल्या एकाही पात्राच्या मनात येत नाही.