डबल्सचा चौथा गडी ऐनवेळी गळतो, काय करावं?

डावखुरी:
आमचा टेनिसचा गट नऊ जणांचा. दर शनिवारी सकाळी साडेसहा ते आठ एक कोर्ट धरलेलं असतं आणि माणसं गोळा करायचं काम दोन वर्षांपासून माझ्याकडे आहे. गुरुवारी ग्रुपवर विचारते, "कोण कोण येणार?" तिघे लगेच 'हो' म्हणतात. चौघांचं 'बघतो', 'कळवते'. राहिलेले मेसेज वाचून गप्प. मग शुक्रवारी रात्री माझी फोनाफोनी सुरू.

मागच्या शनिवारी बुटाची नाडी बांधत होते तेवढ्यात मेसेज आला, "पाठ धरलीय, नाही जमणार." राहिलो तिघं. त्याच्या आदल्या शनिवारी सहा जण हजर, आणि दोघं पाऊण तास बाकावर बसून. त्यातला एक जण त्यानंतर फिरकलेला नाही, त्याचं मला फार वाईट वाटतं. खेळ आवडतो, ही माणसं आवडतात, पण शुक्रवार उजाडला की पोटात गोळा येतो. शिवाय खेळही सारखा नाही. दोघांची सर्व्हिस जोरदार, तर दोघी वर्षभरापूर्वी शिकलेल्या. तुमच्याकडे हे कसं जमवता?

नेटजवळचा:
आधी 'कोण येणार' हे विचारणंच बंद करा. नऊ जणांना एकदम विचारलं की प्रत्येकाला वाटतं, बाकीचे आठ आहेतच की. आम्ही तक्ता लावतो. तुम्ही नऊ शनिवारांचा करा, दर शनिवारी पाच नावं. प्रत्येकाच्या वाट्याला बरोबर पाच शनिवार येतात. त्या दिवशी ज्यांचं नाव नाही ते चौघे राखीव. ज्याला जमणार नाही त्यानं राखिवांपैकी कुणाला तरी स्वतः फोन करायचा आणि ठरलं की ग्रुपवर फक्त नाव टाकायचं. तुम्ही मध्ये पडायचंच नाही. पहिले दोन आठवडे हात शिवशिवतील, तरी फोन उचलू नका.

पाचच का, तर एक गळला तरी डबल्स होतं. आणि पाचही आले तरी कुणी बाकावर खितपत पडत नाही, कारण पाच जणांची फिरती फार छान बसते. कागदावर मांडून बघा:

क बाहेर: ख-च विरुद्ध ग-घ
ख बाहेर: क-ग विरुद्ध घ-च
ग बाहेर: ख-घ विरुद्ध क-च
घ बाहेर: ग-च विरुद्ध क-ख
च बाहेर: क-घ विरुद्ध ख-ग

प्रत्येक जण एकदाच बाहेर बसतो आणि बाकीच्या चौघांबरोबर एकेकदा जोडी करतो. एका फेरीत चारच गेम, म्हणजे चौघांची एकेक सर्व्हिस होते. ड्यूसला, म्हणजे चाळीस-चाळीसला, ॲडव्हान्टेज (सलग दोन पॉइंट जिंकेपर्यंतचा खेळ) खेळू नका, एकच निर्णायक पॉइंट. तो कुठल्या बाजूला घ्यायचा हे रिसीव्ह करणारी जोडी ठरवते. त्यामुळे कुठलाही गेम सात पॉइंटच्या पुढे जात नाही. आमची फेरी पंधरा मिनिटांत उरकते. पाच फेऱ्यांची सव्वा तास, वर वॉर्म-अपला पंधरा मिनिटं.

जिंकलेले गेम जोडीच्या नव्हे, ज्याच्या त्याच्या नावावर लिहा. जोरदार सर्व्हिसवाल्याला नवशिक्या जोडीदाराबरोबरही गेम काढावे लागतात, मग तो आपण होऊन तिला सांगायला लागतो की मी नेटवर जातो, तू मागचे लॉब, म्हणजे डोक्यावरून उंच आलेले बॉल, घे.

गल्लीतला बॉल:
तक्ता कितीही चांगला लावला तरी एखाद्या दिवशी तिघंच उरतात. तेव्हा घरी परतू नका. एकाविरुद्ध दोन खेळा, याला कॅनेडियन डबल्स म्हणतात. एकट्यानं समोरच्या पूर्ण डबल्स कोर्टात मारायचं, म्हणजे 10.97 मीटर रुंदी. जोडीनं मात्र सिंगल्सच्या रेषांच्या आत, 8.23 मीटरमध्ये. आमच्यात एकटा असेल त्याचीच सर्व्हिस, आणि गेम संपला की तिघांनी एकेक जागा सरकायचं. माझा क्रॉसकोर्ट फोरहँड याच खेळानं सुधारला. समोर दोघं उभे दिसले की जागा शोधून मारावं लागतं, नुसता बॉल परत करून भागत नाही.

एक मात्र आधीच ठरवा. आपल्या बाजूच्या रेषेचा निर्णय आपला, आणि शंका असेल तर बॉल आत. आमच्या आधीच्या गटात रेषेवरून दोन माणसं कायमची तुटली. हजेरीवरून कुणी तुटलं नाही.

डावखुरी:
तीन शनिवार झाले. पहिल्या आठवड्यात एकानं सवयीनं मलाच कळवलं, "उद्या जमत नाही." मी तक्त्याचा फोटो पाठवून गप्प बसले, फार जड गेलं. रात्री साडेनऊला ग्रुपवर बदलीचं नाव आलं!

काल पाच जण होतो. चौथ्या फेरीत आमच्या नव्या मुलीची जोडी आमच्यातल्या सगळ्यात जोरात मारणाऱ्याबरोबर लागली. गेम दोन-एक आणि चाळीस-चाळीस, निर्णायक पॉइंट. तिनं डावी बाजू मागितली, म्हणजे रिसीव्ह तिलाच करायची. सर्व्हिस बॅकहँडवर आली. रॅकेट दोन्ही हातांनी घट्ट धरून तिनं ती नेटवाल्याच्या डोक्यावरून उचलली. बॉल बेसलाइनच्या वीतभर आत पडला. मी त्या बाजूला उभी होते, 'आत' मीच ओरडले.

जो यायचा बंद झाला होता त्याचं नाव पुढच्या शनिवारी आहे. अजून त्यानं बदली मागितलेली नाही. एवढंच विचारायचंय, पावसानं शनिवार बुडाला तर तक्ता पुढे सरकवायचा का?

नेटजवळचा:
सरकवू नका. ज्यानं त्यानं आपल्या तारखा आधीच घरी सांगितलेल्या असतात, एक हलली की सगळ्या हलतात. तो शनिवार गेला म्हणायचं. कोर्ट दुपारपर्यंत वाळलं तर ज्याला यायचं तो येईल. आणि जो यायचा बंद झाला होता त्याला आजच फोन करा, यायचं का म्हणून विचारायला नव्हे, नवे बॉल त्यानं आणायचेत एवढं सांगायला.