उपनगरं आखली गेली, पण स्वच्छ कोणासाठी झाली? (१९२० ते १९३९)

कुर्लेकर

दादर-माटुंगा, खार, सांताक्रूझ, पार्ले यांच्या आखणीचं आपल्याकडे भरपूर कौतुक होतं. गोष्ट ठरलेली असते. १८९६ साली मांडवीत प्लेग आला, १८९८ साली शहर सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट ही सरकारी संस्था निघाली, दाट वस्त्या फोडून रस्ते काढले, उत्तरेला नव्या वसाहती आखल्या आणि माणसं मोकळ्या हवेत राहायला गेली. सार्वजनिक आरोग्याच्या बाजूनं पाहिलं तर ही गोष्ट अर्धीच सांगितली जाते, असं माझं ठाम मत आहे. साष्टीनं, म्हणजे शहराच्या उत्तरेच्या, आज जिथे उपनगरं आहेत त्या बेटानं, शहराला पाणी दिलं, शहराची घाण पोटात घेतली, आणि दोन महायुद्धांच्या मधल्या काळात जेव्हा तिच्यावर माणसांचा लोंढा आला तेव्हा तिच्या वाट्याला गटारं आली नाहीत.

आधी पाणी. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, दोन्ही साष्टीतले. १८९२ साली तानसाचं पाणी आलं, तेही मुलुंड, भांडुप, घाटकोपरच्या अंगावरून शीवकडे (सायनकडे) गेलं. मोठाले नळ ज्या गावांच्या कुशीतून गेले त्या गावांतले लोक पुढे कितीतरी वर्षं विहिरीचंच पाणी शेंदत होते.

आता घाण. शहरातला कत्तलखाना १८६० च्या दशकात वांद्र्याला हलवला, तो देवनारला जायला १९७० चं दशक उजाडलं. चामडं कमावण्याचा धंदा धारावीच्या खाडीकाठी. कुर्ला-चेंबूर रेल्वे १९०६ साली टाकली ती शहराचा कचरा वाहायला. त्या रुळांवरून प्रवासी जायला लागले १९२४ मध्ये. अठरा वर्षं तिथे फक्त कचऱ्याची गाडी गेली, हे चेंबूरच्या कुठल्याही कौतुकाच्या लेखात पहिल्या ओळीत यायला हवं.

१ ऑक्टोबर १९२० रोजी ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा वेगळा केला. १९२५ साली बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली, १९२८ साली कुलाबा ते बोरिवली. ऑफिसात जाणारा माणूस आता पार्ल्याला राहू शकत होता, आणि तो आलाच. पण बहुतेक उपनगरांत जमिनीखाली मैला वाहून नेणारी वाहिनी नव्हती. टोपलीचे संडास, शोषखड्डे, ज्याला परवडेल त्याच्याकडे सेप्टिक टँक. कारभार लहान लहान नगरपालिकांकडे, त्यांचं उत्पन्न तुटपुंजं. खरी मलनिःसारणाची कामं १९५० आणि १९५७ साली उपनगरं मुंबईत सामील झाल्यावर सुरू झाली. तोवर जे आरोग्य आलं ते प्लॉट घेऊ शकणाऱ्याच्या कुंपणाच्या आत आलं.

तुम्हाला काय वाटतं? विरोधी मतं जरूर लिहा, पण "तेव्हा मुंबई किती छान होती" एवढंच नको.

आखणीकार

साफ असहमत. नगररचना खात्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

१९१५ चा मुंबई नगररचना कायदा हा या देशातला त्या प्रकारचा पहिला कायदा. तो करतो काय? शेताचे वेडेवाकडे तुकडे एकत्र धरायचे, त्यातून रस्त्याची आणि मोकळ्या जागेची जमीन काढायची, उरलेली जमीन नीट आकाराच्या प्लॉटांत मूळ मालकांना परत द्यायची आणि रस्ता झाल्यामुळे जी किंमत वाढली तिच्यातला वाटा मालकाकडून वसूल करायचा. भांडण झालं तर लवाद. सरकारी तिजोरीत पैसा नसताना रस्ता आणि पावसाळी गटार मिळवण्याची याहून चांगली युक्ती मला आजही माहीत नाही. वांद्रे, खार, सांताक्रूझ, पार्ले इथल्या योजना याच कायद्याखालच्या.

आणि आखणी म्हणजे फक्त सौंदर्य नव्हे. ट्रस्टचा साडेत्रेसष्ट अंशांचा नियम घ्या. दोन इमारतींमध्ये इतकी जागा सोडायची की खालच्या मजल्याच्या खोलीतूनही आकाश दिसावं. हिशेब केलात तर उंचीच्या साधारण निम्मी मोकळी जागा येते. हा नियम क्षयाच्या भीतीतून आला. गिरगाव-भुलेश्वरच्या ज्या चाळींत खोलीला एकच दार आणि तेही अंधाऱ्या बोळात, तिथे राहिलेल्या माणसाला या नियमाची किंमत विचारा.

मैलावाहिनी उशिरा आली, कबूल. पण रस्त्याची जमीन १९२० च्या दशकात राखून ठेवली नसती तर १९५० नंतर ती वाहिनी घातली असती कुठून? जिथे आखणी झाली नाही अशा भागात आज एक ड्रेनेज लाइन टाकायला किती वर्षं लागतात ते कुर्ल्याच्या माणसानं मला सांगायला नको.

शीतल_गावठाण

आखणीकार, तुमची योजना जिथे संपायची तिथून आमचं गाव सुरू व्हायचं. आम्ही वांद्र्याच्या गावठाणातले. बंगल्यांचे रस्ते सरळ झाले आणि पावसाचं पाणी उताराला लागून आमच्या आळीत यायला लागलं, असं आमच्या घरची म्हातारी माणसं सांगत. भात पिकणारी खाचरं हीच आधी पाणी धरून ठेवायची. ती भरून उंच केली की पाण्यानं जायचं कुठे?

माझा मुद्दा कुर्लेकरांहून थोडा वेगळा आहे. त्या काळातल्या स्वच्छतेच्या योजनेनं गावठाणाकडे आजार म्हणून पाहिलं. दाटी, गुरं, डुकरं, विहिरी, सगळं "अस्वच्छ". आणि त्याच गावाच्या हद्दीत सगळ्या मुंबईचा कत्तलखाना चालू होता, तो मात्र "सोय".

डॉ_मलेरिया

विहिरींचा विषय निघालाच आहे तर त्यावर लिहितो, कारण इथे दोन्ही पक्षांनी घाई केली आहे असं मला वाटतं.

मुंबईचा हिवताप दलदलीतला नव्हता, तो विहिरीतला होता. अॅनोफिलीस स्टीफेन्सी हा डास स्वच्छ, साठलेल्या पाण्यात अंडी घालतो: विहीर, हौद, गच्चीवरची टाकी. हिवतापाचे तज्ज्ञ बेंटली यांनी १९११ च्या अहवालात विहिरी बंद करा असं सांगितलं. त्यावर हिंदू, पारशी, जैन अशा सगळ्यांकडून धर्माच्या आधारावर विरोध झाला. पूजेला विहिरीचंच पाणी लागतं, नळाचं चालत नाही. मग घट्ट झाकण, त्याला छोटं दार, किंवा पंप असे मधले मार्ग निघाले. १९२८ साली दुसरे तज्ज्ञ कॉव्हेल यांना पुन्हा मुंबईच्या हिवतापावर अहवाल लिहावा लागला, यावरून प्रश्न किती मिटला होता ते समजा.

म्हणून कुर्लेकर, "नळ हवा होता, विहिरीवर भागवावं लागलं" एवढं सरळ ते नाही. पुष्कळ लोकांना नळ असूनही विहीर हवी होती. आणि आखणीकार, कितीही रुंद रस्ता केलात तरी बंगल्याच्या मागची उघडी विहीर आणि गच्चीवरची बिनझाकणाची टाकी डासाला पुरते. आखीव वसाहतीत राहणाऱ्यालाही हिवताप व्हायचाच. घरोघरी फिरून टाक्या तपासणारा माणूस नसेल तर नकाशा डास मारत नाही.

कुर्लेकर

डॉक्टर, विरोध धर्माच्या नावानं झाला हे खरं. पण त्या विहिरीवर पाणी भरायची मुभा कोणाला होती, हेही त्याच श्वासात सांगायला हवं. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदेमंडळात ठराव आणला: सरकारी पैशातून बांधलेले किंवा सरकारी संस्थांच्या ताब्यातले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, न्यायालयं, दवाखाने अस्पृश्यांना खुले करावेत. ठरावात दवाखाना आहे, हे लक्षात घ्या. ठराव मंजूर झाला आणि अंमलबजावणी स्थानिक संस्थांवर सोडली गेली. ती किती झाली हे १९२७ साली महाडला दिसलं. ज्या वस्तीतल्या माणसाला विहीर आणि दवाखाना दोन्ही बंद, त्याचं आरोग्य कुठल्या नगररचना योजनेत बसत होतं?

परळचा_पोरगा

मी गिरणगावातला, त्यामुळे उपनगराचा कैवार घेणाऱ्या दोन्ही बाजूंना एक आकडा दाखवतो. १९२१ साली मुंबई शहरात नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे साडेसहाशेहून जास्त बालमृत्यू होते. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबांत हा आकडा आठशेच्या वर. आमच्या लोकांना त्या वर्षी खार-सांताक्रूझचं स्वप्न कोणी विकलं नाही. आमच्यासाठी सरकारच्या डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या खात्यानं वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे मिळून २०७ चाळी बांधल्या, एकेक खोलीच्याच. त्यातल्या कितीतरी खोल्या सुरुवातीला वर्षानुवर्षं रिकाम्या पडल्या होत्या. तेच खातं एका हातानं उपनगरात मध्यमवर्गासाठी जमीन तयार करत होतं आणि दुसऱ्या हातानं मजुराला पुन्हा एक खोली देत होतं. एका खोलीत मुलं मरतात हे कागदावर लिहिलेलं असताना पुन्हा एकच खोली बांधायची, याला मी नियोजन म्हणणार नाही.

डॉ_मलेरिया

परळच्या मित्रा, मुद्दा रास्त आहे, आकडा मात्र जपून वापर. कोकणातली, घाटावरची बाई बाळंतपणाला गावी जायची. मूल गावी जन्मलं, नोंद तिकडची. चार-सहा महिन्यांनी ती बाळाला घेऊन चाळीत परतली आणि बाळ इथे दगावलं, तर मृत्यूची नोंद मुंबईची. वर मृत्यू मोजले, खाली जन्म कमी, म्हणून दर फुगतो. हे तेव्हाच्या आरोग्य अधिकाऱ्यांनाही ठाऊक होतं.

परळचा_पोरगा

दर फुगला असेल. पण ते बाळ गावाहून धडधाकट आलं आणि चाळीत गेलं, हेच तर तुम्ही सांगता आहात. मग खोलीवरचा दोष कमी झाला की वाढला?

डॉ_मलेरिया

वाढला. हे मान्य करायलाच हवं.

झाडूवाली_मनीषा

इतका वेळ सगळे गटार, नळ, रस्ता बोलले. मैला उचलणाऱ्या माणसावर एक ओळ आली नाही, म्हणून लिहिते.

टोपलीचा संडास म्हणजे काय हे इथल्या तरुण वाचकांना माहीत नसेल. खाली टोपली किंवा डबा, मागच्या बाजूला लहान दार. पहाटे माणूस येणार, ती टोपली रिकामी करणार, डोक्यावरून किंवा गाडीनं नेणार. मुंबईत या खात्याचं नाव हलालखोर खातं, घरमालकाकडून त्याचा कर घेतला जायचा. कामाला गुजरात, काठियावाडहून आणलेली माणसं. आखीव वसाहतींच्या घरांमागे गल्ल्या सोडल्या, त्या कशासाठी? आमच्या माणसानं पुढच्या रस्त्यावर दिसू नये यासाठी. आखणीकारांनी त्या गल्लीला मोकळी हवा म्हटलं तर मला राग येईल.

फ्लशचा संडास आला तेव्हा ब्लॉकमध्ये राहणाऱ्याला सुख झालं, ते व्हायलाच हवं होतं. पण जिथे वाहिनी गेली नाही त्या सगळ्या उपनगरांत आमच्या लोकांनी टोपली उचलणं चालू राहिलं. १९३५ साली बाबासाहेबांनी म्युनिसिपल कामगार संघ काढला तो याच माणसांसाठी. ते स्वतः त्या काळात दादरच्या हिंदू कॉलनीत, राजगृहात राहायचे. ट्रस्टनं आखलेली ती कॉलनी. वर्तमानपत्रं, सभा, नियोजन सगळं तिथून चालत होतं, आणि पहाटेची टोपली कोण उचलतं हा प्रश्न विचारणारा माणूसही तिथेच राहत होता.

डोक्यावर मैला वाहायला कायद्यानं बंदी यायला १९९३ उजाडलं. तेव्हा कुर्लेकरांचं "गटारं मिळाली नाहीत" हे वाक्य मला पुरत नाही. गटार मिळालं नाही कारण गटाराचं काम करणारा माणूस स्वस्तात मिळत होता.

आखणीकार

मनीषाताई, मागच्या गल्लीबद्दल तुम्ही म्हणता ते खरं आहे. त्या सफाईसाठीच सोडल्या जात, नकाशांवर तसंच लिहिलेलं असे. मी ते नाकारणार नाही.

पण तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत नाही. उपनगरातल्या नगरपालिकेनं स्वस्त मजूर आहे म्हणून वाहिनी टाकली नाही असं नव्हे. मैलावाहिनीला भरपूर पाणी लागतं, पंपिंग स्टेशन लागतं, समुद्रापर्यंत किंवा शुद्धीकरणापर्यंत वाट लागते. वांद्र्याच्या किंवा पार्ल्याच्या नगरपालिकेच्या आवाक्यातली ती गोष्टच नव्हती. साष्टी सखल, भरतीचं पाणी आत शिरतं, नुसत्या उतारावर मैला वाहून जात नाही. शहरालाही वरळीच्या लव्हग्रोव्हला पंप बसवावे लागले होते. ब्रिटिशांनी राज्यकारभारात केलेल्या १९१९ च्या सुधारणांनी स्थानिक स्वराज्य आणि आरोग्य ही खाती लोकनियुक्त मंत्र्यांकडे दिली, पण पैशाची किल्ली दिली नाही. खातं आपलं, तिजोरी त्यांची.

कुर्लेकर

मग माझाच मुद्दा झाला ना? पैसा नव्हता असं म्हणता, पण त्याच काळात दक्षिण मुंबईतल्या बॅक बेच्या भरावात सरकारनं इतका पैसा ओतला की काँग्रेसचे पुढारी नरिमन यांनी त्यावर रान उठवलं. समुद्रातून जमीन काढायला पैसा होता. चेंबूरच्या कचऱ्याखालच्या गावाला गटार द्यायला नव्हता.

आखणीकार

बॅक बेचा भराव जमीन विकून पैसा परत येईल या हिशेबावर उभा होता. हिशेब चुकला हा भाग वेगळा. गटार विकून पैसा येत नाही, म्हणून त्यासाठी कर्ज काढायला कुठलंही सरकार कचरतं, तेव्हाचंही आणि आजचंही. म्हणूनच मी पुन्हा नगररचना योजनेकडे येतो: जमिनीच्या वाढलेल्या किमतीतून गटाराचा पैसा काढता येतो, हे दाखवणारं त्या काळातलं तेवढं एकच साधन होतं.

झाडूवाली_मनीषा

मग त्या वाढलेल्या किमतीतून मागच्या गल्लीत काम करणाऱ्याच्या घराला नळ किती ठिकाणी दिला, तेवढं एखाद्या योजनेच्या कागदातून दाखवा. खारची दाखवा, सांताक्रूझची दाखवा. मी वाचायला तयार आहे.

आखणीकार

सांताक्रूझच्या योजनेपासून बघतो. सफाई कामगारांच्या वस्तीसाठी राखलेला प्लॉट नकाशावर असेल तर त्याचा क्रमांक इथे देईन, नसेल तर तेही इथेच लिहीन.