जुन्या फाँटमधली मराठी परिपत्रके नव्या संगणकावर वाचता येत नाहीत. युनिकोडमध्ये खात्रीने कशी न्यावीत?

आस्थापना_कक्ष

नमस्कार. विद्यापीठाच्या आस्थापना विभागात काम करते. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणून आमच्याकडचे संगणक बदलून विंडोज ११ चे आले. आता जुन्या वर्ड फाइल उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांचा काला दिसतो. काही फाइल कृतीदेवमध्ये आहेत, काही श्रीलिपीत, काही सुरेखमध्ये.

संगणक कक्षाने कृतीदेव फाँट बसवून दिला. त्या फाइल वाचता येतात, पण मजकूर मेलमध्ये पेस्ट केला की परत काला. ऑनलाइन कन्व्हर्टरमधून काढलं तर "कर्मचाऱ्यांच्या"चं "कर्मचार्यांच्या" होतं आणि मध्येच आलेले इंग्रजी शब्दही मराठी अक्षरांत बदलून निरर्थक होतात. सेवाज्येष्ठता याद्या एक्सेलमध्ये आहेत, तिथे नावं जुळत नाहीत. नियम, परिनियम आणि पदमान्यतेची पत्रं यात आहेत, त्यामुळे एकही अक्षर चुकून चालणार नाही. नीट पद्धत कोणी सांगेल का?

---

कळफलक

मॅडम, आधी एक काम करा. मूळ फाइलींची आहे तशी एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा, ती रीड-ओन्ली करा आणि ते तिन्ही फाँटही तिथेच ठेवा. पुढे शंका आली की मूळ छापील रूप पाहायला फाँट लागतोच. हे फाँट परवान्याचे असतात, तेव्हा विद्यापीठाने घेतलेल्या संचातूनच ते घ्या. काही जुन्या संचांना हार्डवेअर लॉक (संगणकाला जोडायचं छोटं उपकरण) असे, तोही टाकून देऊ नका.

आता बिघाड कुठे आहे ते पाहू. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक असतो. या जुन्या फाँटमध्ये मराठी साठवलेलीच नसते. कृतीदेवमध्ये लिहिलेला "भारत" हा शब्द फाइलमध्ये एच, के, के, जे, आर अशा पाच इंग्रजी अक्षरांनी बसलेला आहे. एच म्हणजे अर्धा भ, पहिला के म्हणजे तो पूर्ण करणारी उभी रेघ, दुसरा के म्हणजे काना, मग र आणि त. फाँट फक्त चित्र बदलतो. म्हणून फाँट टाकला की डोळ्यांना मराठी दिसते, पण शोध, मेल आणि संकेतस्थळ यांच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच राहतात. संगणक कक्षाने जे केलं ते वाचण्यापुरतं ठीक आहे, काम त्याने संपत नाही.

कन्व्हर्टर कुठे अडखळतो तेही यावरून कळतं. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकतात, युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफार उलटा: जुन्यात अक्षरानंतर, युनिकोडमध्ये आधी. रफार आणि अनुस्वार एकत्र आले की जुन्या फाँटमध्ये दोन्हींसाठी मिळून एकच चिन्ह असतं. "विद्यार्थ्यांच्या" या एका शब्दात या तिन्ही अडचणी आहेत. कुठलाही कन्व्हर्टर घ्या, आधी "विद्यार्थ्यांच्या", "कर्मचाऱ्यांच्या", "शैक्षणिक", "राष्ट्रीय" आणि "ॲड." एवढे शब्द त्यातून काढा. यांतला एक जरी चुकला तरी पूर्ण फाइल त्याच्या हवाली करू नका.

प्रत्येक फाँटचा नकाशा वेगळा असतो. कृतीदेवचा कन्व्हर्टर श्रीलिपीला चालत नाही. श्रीलिपीच्या आतही फाँटच्या नावापुढचे आकडे वेगळे असले तर नकाशा बदललेला असू शकतो. फाइलमध्ये नक्की कोणता फाँट आहे ते असं पाहा: बिघडलेल्या मजकुरावर क्लिक करा, वर होम पट्टीवरच्या फाँट चौकटीत नाव दिसतं, मग तो फाँट संगणकावर असो वा नसो. पूर्ण फाइलमधले गैरहजर फाँट एकदम पाहायचे तर फाइल, ऑप्शन्स, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन फाँट सब्स्टिट्यूशन उघडा.

इंग्रजी शब्द बिघडण्यावर उपाय आहे. कंट्रोल-एच दाबा. शोधायची चौकट रिकामी ठेवा आणि खालच्या फॉरमॅटमधून फाँट म्हणून कृतीदेव निवडा. बदलायची चौकटही रिकामी ठेवून तिथे अक्षरांचा रंग लाल द्या आणि रिप्लेस ऑल करा. आता लाल तेवढंच रूपांतराला द्यायचं. काळं राहिलेलं म्हणजे खरं इंग्रजी, मेल पत्ते, संदर्भ क्रमांक. त्याला हात लावायचा नाही.

पदमान्यतेची पत्रं आणि सेवापुस्तकातला मजकूर अनोळखी संकेतस्थळावर पेस्ट करू नका, ही कळकळीची विनंती. त्यात नावं, जन्मतारखा, जातप्रवर्ग असतात. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ मध्येच झालेला आहे. बरेच कन्व्हर्टर म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारं एकच पान असतं. ते पान संगणकावर उतरवून घ्या, नेटची जोडणी काढा आणि चालवून बघा. नेटशिवाय चाललं तर मजकूर बाहेर जात नाही.

---

सर्व्हररूम

वरच्या उत्तरात भर. फाइल शेकड्यांनी असतील तर हाताने करू नका, संगणक कक्षाकडून पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेतली छोटी स्क्रिप्ट लिहून घ्या. मात्र लिहिणाऱ्याला तीन गोष्टी आधी सांगा, कारण पहिल्या प्रयत्नात इथेच चुका होतात.

वर्ड एकाच शब्दाचे मध्येच तुकडे करून साठवतो. वेलांटी एका तुकड्यात आणि तिचं अक्षर पुढच्या तुकड्यात पडलं, की क्रमांतर होत नाही आणि वेलांटी लोंबकळत राहते. म्हणून एकाच फाँटचे शेजारचे तुकडे आधी जोडायचे, मग रूपांतर. दुसरं, तुकड्यावर फाँटचं नाव नसतं तेव्हा ते स्टाइलमधून येतं, तेही तपासायचं. तिसरं, परिच्छेदांची यादी घेतली तर तक्त्यातले मजकूर, शीर्षटीप आणि तळटीप त्यात येत नाहीत, ते वेगळे घ्यावे लागतात. विद्यापीठाच्या पत्रात अर्धा मजकूर तक्त्यातच असतो.

त्याआधी जुन्या डॉक फाइल डॉक्समध्ये सेव्ह करून घ्या, पायथनचं नेहमीचं साधन जुना प्रकार वाचत नाही.

आणखी एक. रूपांतरानंतर "श" आणि "ष" यांच्या जागी अवतरणचिन्हं दिसली तर दोष कन्व्हर्टरचा नाही. कृतीदेव ०१० मध्ये सरळ एकेरी अवतरणचिन्ह म्हणजे अर्धा श आणि सरळ दुहेरी म्हणजे अर्धा ष. कोणीतरी वर्डचा ऑटोकरेक्ट चालू ठेवून ती फाइल दुरुस्त केलेली असते आणि वर्डने सरळ चिन्हं वाकडी करून ठेवलेली असतात. जुन्या फाँटच्या फाइलमध्ये काही टंकायची वेळ आलीच, तर आधी ऑटोकरेक्टमधली स्मार्ट कोट्सची खूण काढा. वाक्याचं पहिलं अक्षर मोठं करणारी खूणही काढा, कारण इथे मोठं अक्षर म्हणजे वेगळंच मराठी अक्षर.

---

आस्थापना_कक्ष

दोघांचेही आभार. लाल रंगाची युक्ती करून पाहिली, इंग्रजी मजकूर शाबूत राहिला. पण रूपांतर झालेलं पत्र विचित्र दिसतंय. मूळ मजकूर १४ च्या आकारात होता, आता बारीक आला आणि ठळक शीर्षकं साधी झाली. आकार बदलून १४ केला तर कधी बदलतो, कधी नाही. दोन पानांचं पत्र दुसऱ्या संगणकावर तीन पानांचं होतं.

---

कळफलक

हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आकाराचं कारण असं: वर्ड देवनागरीला कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट मानतो आणि तिच्यासाठी फाँट, आकार आणि ठळकपणा वेगळा साठवतो. जुना मजकूर वर्डच्या लेखी इंग्रजी होता, त्यामुळे १४ आणि ठळक या सूचना इंग्रजीच्या खात्यावर आहेत. खरी देवनागरी आली की वर्ड दुसऱ्या खात्यावर पाहतो आणि तिथे मूळचाच आकार असतो. पूर्ण मजकूर निवडून कंट्रोल-डी दाबा. खिडकीत लॅटिन आणि कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स असे दोन विभाग दिसतील. दुसऱ्यात फाँट आणि आकार भरा. त्याहून चांगलं म्हणजे नॉर्मल आणि हेडिंग या स्टाइलमध्येच हे भरून कार्यालयाचा एक टेम्प्लेट करून ठेवा, म्हणजे प्रत्येक पत्रात करावं लागत नाही. तो दुसरा विभाग दिसतच नसेल तर ऑफिसच्या भाषांमध्ये मराठी जोडलेली नाही. ऑप्शन्समधल्या लँग्वेज पानावर ती जोडा.

पानं वाढण्याचं कारण मंगल हा युनिकोड फाँट. विंडोज १० पासून मंगल, कोकिळा, अपराजिता, उत्साह हे सगळे फाँट मुळात बसवलेले नसतात, ऐच्छिक भागात असतात. ज्या संगणकावर ते नाहीत तिथे वर्ड निर्मला हा फाँट घेतो. त्याची रुंदी आणि ओळींमधलं अंतर वेगळं, म्हणून ओळी पुढे सरकतात. सेटिंग्जमध्ये ऑप्शनल फीचर्स उघडा, ॲड फीचरमध्ये जाऊन देवनागरी सप्लिमेंटल फाँट्स निवडा. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली तरी ते सोबत येतात.

---

सर्व्हररूम

विद्यापीठाच्या जाळ्यात इथे हमखास अडतं. संगणक अपडेट विद्यापीठाच्या स्वतःच्या सर्व्हरवरून घेत असतील तर ऐच्छिक फाँट उतरत नाहीत आणि ८००एफ०९५४ ने संपणारा त्रुटी-क्रमांक येतो. कर्मचाऱ्याने कितीही वेळा प्रयत्न केला तरी उपयोग नाही. संगणक कक्षाला ग्रुप पॉलिसीत ऐच्छिक घटक थेट विंडोज अपडेटवरून घेण्याची मुभा द्यावी लागते. तक्रार नोंदवताना "मराठी दिसत नाही" एवढंच लिहू नका. हा क्रमांक, फाँटचं नाव आणि पडद्याचं चित्र जोडा, म्हणजे काम पहिल्याच फेरीत होतं.

---

तक्ता_आणि_सूत्र

एक्सेलच्या याद्यांबद्दल कोणी लिहिलं नाही, म्हणून लिहितो.

"कर्मचाऱ्यांच्या"मधला आडवा र दोन प्रकारे साठवला जातो आणि दोन्ही दिसायला अगदी सारखे. एक प्रकार: ऱ हे नुक्त्याचं (खाली टिंब असलेलं) स्वतंत्र अक्षर, हलंत (पाय मोडायचं चिन्ह), मग य. दुसरा: साधा र, हलंत, मग शून्य रुंदीचं न दिसणारं जोडचिन्ह, मग य. एक्सेलच्या लेन सूत्राने मोजा: पहिल्या प्रकारात "कर्मचाऱ्यांच्या"ची लांबी १५ येते, दुसऱ्यात १६. याद्या जुळवणाऱ्या व्हीलुकअप सूत्राला हे दोन वेगळे शब्द. नावं जुळत नाहीत ती बहुधा यामुळेच, किंवा शेवटी राहिलेल्या मोकळ्या जागेमुळे. मोकळी जागा ट्रिमने जाते, न दिसणारं चिन्ह जात नाही.

ते चिन्ह काढायला सब्स्टिट्यूटमध्ये युनिचार ८२०५ द्यायचं. पण थांबा, क्रम महत्त्वाचा आहे. थेट काढलंत तर आडवा र रफार होऊन बसेल आणि तुम्हाला दिसलेलं "कर्मचार्यांच्या" तयार होईल. आधी र, हलंत आणि ८२०५ या तिघांच्या जागी ऱ आणि हलंत घाला. त्यानंतर उरलेली ८२०५ काढा. तुमच्या कन्व्हर्टरने बहुधा ते चिन्ह गाळलंच आहे. तसं असेल तर सूत्राने दुरुस्ती होणार नाही, कारण "सूर्या" आणि "कार्या"मधला खरा रफारही बदलून जाईल. तिथे शब्दांची यादी करून एकेक बदलावं लागतं: कर्मचाऱ्यां, अधिकाऱ्यां, करणाऱ्या, असणाऱ्या, येणाऱ्या, दुसऱ्या, तिसऱ्या. पत्रव्यवहारात हेच शब्द परत परत येतात, त्यामुळे वाटतं तितकं हे काम मोठं नाही.

ॲ चंही तसंच. ॲ हे एकच अक्षर, अ वर चंद्र देऊन केलेलं, आणि हिंदी पद्धतीचं ऍ असे तीन प्रकार यादीत मिसळलेले असतात. सगळीकडे पहिलं करून घ्या. जन्मतारीख आणि सेवार्थ क्रमांक यांवरून आधी जुळणी करा, नावावरून शेवटी.

---

आस्थापना_कक्ष

लेन लावून पाहिलं. एकाच माणसाची दोन नावं खरंच वेगळ्या लांबीची निघाली. शेवटचा प्रश्न: आमचे दोन ज्येष्ठ सहकारी मराठी टंकलेखन परीक्षा झालेले आहेत, हात टाइपरायटरच्या मांडणीवर बसलेला. विंडोजचा मराठी कीबोर्ड त्यांना जमत नाही, म्हणून ते जुन्या फाँटकडेच वळतात.

---

कळफलक

त्यांना मांडणी सोडायला लावू नका, वेग निम्म्यावर येईल आणि ते वळणारच. मांडणी आणि साठवण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची, मांडणी ठेवून युनिकोड देणारे कीबोर्ड मिळतात, आणि श्रीलिपी, आयएसएम या मराठी टंकन-सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्त्यांतही युनिकोडची सोय आहे. मागणीपत्रात "कळफलक रेमिंग्टन मराठी, आउटपुट युनिकोड" असं स्पष्ट लिहा.

नव्या सहकाऱ्यांना मात्र इनस्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण मांडणी शिकवा, विंडोजचा मूळ मराठी कीबोर्ड तोच आहे. स्वर आणि काना-मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. त्यात "ऱ्या" असा येतो: शिफ्ट-जे, डी, स्लॅश, ई. ळ म्हणजे शिफ्ट-एन. ज्यांना रोमन अक्षरांवरूनच लिहायचं आहे त्यांच्यासाठी विंडोजमध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिकही आहे. सेटिंग्जच्या भाषा पानावर मराठीपुढच्या पर्यायांत जाऊन तो जोडा आणि विंडोज-स्पेसने अदलाबदल करा.

पत्र संकेतस्थळावर टाकताना प्रिंट करून पीडीएफ करू नका. सेव्ह ॲज मधून पीडीएफ निवडा आणि तिथल्या ऑप्शन्समध्ये डॉक्युमेंट स्ट्रक्चर टॅग्जची खूण ठेवा. प्रिंटच्या वाटेने केलेल्या पीडीएफमध्ये शीर्षकांची आणि तक्त्यांची रचना उरत नाही, आणि वाचकयंत्र वापरणाऱ्या अंध सहकाऱ्यांना परिपत्रक सलग ऐकता येत नाही. ज्या जुन्या पत्रांची वर्ड फाइल सापडतच नाही, ती ३०० डीपीआयला स्कॅन करून टेसरॅक्ट या साधनाच्या मराठी ओसीआरमधून (चित्रातला मजकूर ओळखण्याची सोय) काढा. त्यात आकडे आणि तारखा मूळ कागदाशी दोघांनी मिळून ताडून पाहा, एकाने वाचायचं आणि दुसऱ्याने पडद्यावर बघायचं.