गाडी नसेल तर वेल्सला कॉटेज घेऊच नका? मला हे पटत नाही

माळरान:
परवा इथे एकांनी लिहिलं की स्वतःची गाडी नसेल तर वेल्सच्या खेड्यात कॉटेज घेऊ नका, सातातले दोन दिवस बसची वाट बघण्यात जातात, पोरांचे हाल होतात. खाली धडाधड अंगठे. मी तेव्हा गप्प बसलो, पण डोक्यातून जाईना म्हणून लिहितोय, जरा लांबेल.

आम्ही दोघं आणि सहा वर्षांची लेक, तीन वर्षांत चार वेळा जाऊन आलोय आणि एकदाही गाडी नव्हती. भारतातल्या लायसन्सवर इथे ब्रिटनमध्ये राहायला आल्यापासून बारा महिने चालवता येतं, ते माझे कधीच संपले, आणि टेस्टची तारीख मिळता मिळत नाही. मग तोवर काय घरात बसायचं?

लोक चुकतात कुठे, तर आधी फोटो बघतात. दगडी भिंत, शेकोटी, समोर मेंढ्या, घेतलं कॉटेज. मग बस शोधायला लागतात. उलटं करा ना. आधी टाइमटेबल, मग घर. श्रूझबरीहून ट्रेन माखंलेथला जाते (तिथले लोक नुसतं माख म्हणतात), पुढे अर्धे डबे अॅबरिस्टविथला आणि अर्धे किनाऱ्याने वर पुथ्लेलीपर्यंत. टवन, बार्मथ, हार्लेख ही सगळी स्टेशनं गावातच आहेत, उतरलं की दहा-पंधरा मिनिटांत समुद्र. हार्लेखला तर किल्ला डोक्यावर आणि स्टेशन पायथ्याशी. डोंगरच हवा असेल तर डोल्गेथ्लाय घ्या, तिथे ट्रेन नाही पण बँगर-अॅबरिस्टविथची टी 2 आणि रेक्सम-बार्मथची टी 3 या दोन्ही बस चौकात येतात.

बार्मथच्या आधी खाडीवर 1867 सालचा लाकडी पूल लागतो, ट्रेन अगदी सावकाश जाते, एका अंगाला समुद्र आणि दुसऱ्या अंगाला डोंगर. लेक खिडकीला नाक लावून बसते, काचेवर वाफेचा गोल होतो, तो बाहीने पुसते आणि परत बघते. हे मला स्टिअरिंग धरून दिसलं असतं का?

दोन_पोरांचा_बाप:
ती पोस्ट माझी होती. एका मुलीला घेऊन जाणं आणि चार वर्षांचा, दीड वर्षाचा, एक प्रॅम आणि गुडघ्याने बेजार आई यांना घेऊन जाणं यात फरक आहे एवढं तरी मान्य करा. टाइमटेबल आम्हीही बघितलं होतं हो. गावातून सकाळी बस होती, संध्याकाळी परत होती, प्रिंट काढून नेलं होतं. तिथे गेल्यावर स्टॉपवर उभं राहून बघतो तर वेळेच्या वर बारीक अक्षरात लिहिलेलं, शाळा चालू असेल त्याच दिवशी. आम्ही गेलो शाळांच्या सुट्टीत, कारण पोरं असलेला माणूस दुसरं कधी जाणार? गावातली एकमेव टॅक्सी फोन करून विचारली तर बाई म्हणाल्या उद्या दुपारी बघते. शेवटी भर पावसात अडीच मैल प्रॅम ढकलत गेलो, रस्त्याला फुटपाथ नाही, दोन्हीकडे उंच कुंपणं, समोरून ट्रॅक्टर आला की प्रॅम उचलून झाडीत उभं राहायचं. आईने तेव्हापासून वेल्सचं नाव टाकलंय.

माळरान:
शाळेच्या दिवसांचं खरं आहे, ती खूण मीही एकदा चुकवलीय. पण म्हणून "घेऊच नका"? "मेन रूटवर घ्या" असं लिहिलं असतंत तर मी कशाला भांडलो असतो.

हायवेवाला:
माणसाने सुट्टी घ्यायची आराम करायला का परीक्षा द्यायला? लंडनहून सकाळी निघून बर्मिंगहॅमला बदला, एक कनेक्शन चुकलं की पुढची दोन तासांनी. दोन ट्रेन, एक बस, वर सामान. मी सहाला निघतो, वाटेत एक चहा, दुपारी दारात. तिकिटं चौघांची काढली तर पेट्रोल स्वस्त पडतं. सगळ्यात सुंदर जागा रूटवर नसतातच मुळी.

निळी_छत्री:
तिकिटाचं नका सांगू, फॅमिली रेलकार्डावर मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना 60 टक्के सूट आहे, पाचाखालचं पोर फुकट. पण डबे वेगळे होतात ते नवीन माणसाला कळत नाही हे खरंय. मी बार्मथसाठी निघाले, माखला झोप लागली, जाग आली तेव्हा ट्रेन अॅबरिस्टविथला उभी. कॉटेजची किल्ली चार वाजता घ्यायची होती, पोचले रात्री नऊला. पण त्या कंडक्टरने मालकिणीला स्वतः फोन करून सांगितलं, हे मी विसरणार नाही.

बाकी छोट्या स्टेशनांवर ट्रेन थांबवायला प्लॅटफॉर्मवर उभं राहून हात करावा लागतो ते बघून मला इतकं गलबलून आलं, अगदी आपल्या एसटीचं हात दाखवा गाडी थांबवा. उतरायचं असेल तर आधीच गार्डला सांगायचं.

लीड्सची_मावशी:
हात दाखवून थांबते ते ठीक, पण खायचं काय? हे कोणी बोलतच नाहीये. गावात दुकान असतं ते पाचला बंद, तिथे ब्रेड, बीन्स आणि अंडी. मी दर वेळी कुकर, दोन किलो तांदूळ, तूरडाळ, भाजणी, मेतकूट, गोडा मसाला सगळं घरून नेते. कॉटेजमधल्या सुऱ्यांनी टोमॅटोसुद्धा कापला जात नाही, म्हणून विळीही. आता हे घेऊन तीन गाड्या बदला म्हणता? डिकीत टाकलं की संपलं.

कृष्णाकाठ:
मावशी, राग मानू नका, पण हेच माझं दुखणं आहे. सगळे डिकी भरून सामान घेऊन जाणार, गावात एक पौंड खर्च करणार नाहीत, आणि मग म्हणणार गावात दुकान नाही, बस नाही. असेल कशी? बस कोणासाठी चालवायची? अर्धी घरं बाहेरच्यांची, ऑक्टोबर ते मार्च अंधार. शाळा बंद पडते, शाळेची बस बंद पडते, तीच तर गावाची एकुलती बस असते. कार्मार्थनशायरकडची फोन करून बोलवायची बुकाबस युरोपचा निधी संपला म्हणून 2023 च्या ऑक्टोबरअखेर बंद झाली. आपण सुट्टीला जातो ते घर कोणाच्या तरी मुलाला राहायला मिळालं नाही म्हणून आपल्याला मिळालंय, हे लक्षात ठेवा.

लीड्सची_मावशी:
दोन किलो तांदळावरून मी गाव ओसाड पाडलं का आता? दूध, अंडी, बटाटे तिथलेच घेते मी. गोडा मसाला तिथे मिळतो का सांगा.

तळमजला:
@कृष्णाकाठ, ऐकून ऐकून कान किटले. वायव्य वेल्समधल्या ग्विनेथमध्ये आमचं एक छोटं घर आहे, कर्ज काढून घेतलेलं. एप्रिल 2023 पासून तिथे दुसऱ्या घरावर काउन्सिल टॅक्सच्या (घरपट्टीच्या) वर दीडशे टक्के अधिभार आहे, कायद्याने तीनशेपर्यंत नेता येतो. त्यातून सुटायचं तर वर्षात 182 दिवस घर भाड्याने गेलं पाहिजे, पावसाळी नोव्हेंबरात कोण येतं? साफसफाईला गावातलीच बाई, प्लंबर गावातला, छप्पर गावातल्याने केलं. पैसा गावातच जातोय. बस बंद पडली त्याचं खापर आमच्यावर कशाला? सरकारने चालवावी.

कृष्णाकाठ:
प्लंबरला वर्षातून दोनदा बोलावलंत म्हणून गाव जगत नाही. बाहेरच्याच्या सोयीसाठी गाव पुसायचं हे तिथे आधी झालंय. बाला गावाजवळ ट्रवेरिन नदीच्या खोऱ्यात कॅपेल केलिन नावाचं गाव होतं, चर्च, शाळा, पोस्ट सगळं, वेल्श बोलणारं. लिव्हरपूलला पाणी हवं म्हणून 1965 साली धरणाखाली गेलं. 1957 मध्ये संसदेत कायदा झाला तेव्हा वेल्सच्या एकाही खासदाराने बाजूने मत दिलं नव्हतं. लिव्हरपूलच्या काउन्सिलने माफी मागितली ती 2005 ला. अॅबरिस्टविथच्या रस्त्यावर भिंतीवर "ट्रवेरिन विसरू नका" असं वेल्शमध्ये रंगवलेलं आहे, लोक गाडी थांबवून फोटो काढतात आणि पुढे जातात.

माझ्या आजीचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की देवळाचा चौथरा दिसायचा, ती काठावर बसून बोटाने दाखवायची, ते आपलं परसू, ती विहीर. त्यामुळे मला हे पुस्तकी वाटत नाही.

हायवेवाला:
धाग्याचा विषय बस आहे. धरण, कोयना, टॅक्स, काहीही.

कृष्णाकाठ:
बसचाच विषय आहे. बाला ते फेस्टिनियॉग रेल्वे होती, तिचा मार्ग त्याच खोऱ्यातून जायचा. धरण होणार म्हणून 1960 ला प्रवासी गाड्या आणि 1961 ला मालगाड्या थांबल्या. त्या तळ्याखाली रेल्वेचा रस्ताही आहे.

हायवेवाला:
ती चालणारच नव्हती. डोंगरातली रिकामी लाइन, पुढे तोट्यातल्या लाइनी बंद करा सांगणाऱ्या 1963 च्या बीचिंग अहवालानंतर बंद झालीच असती. रुआबॉन-बार्मथ तर धरणाशिवाय 1965 ला बंद झाली.

माळरान:
आणि त्याची किंमत आजही मोजतोय. कार्डिफहून उत्तर वेल्सला ट्रेनने जायचं तर इंग्लंडमध्ये शिरून श्रूझबरीवरून जावं लागतं, एका देशाच्या दोन टोकांना जोडणारी सरळ लाइन नाही. टी 3 जाते ती त्या रुआबॉनच्या लाइनीच्याच वाटेने. त्या बसमध्ये लोक नसतील तर तीही जाईल. आपण चौघं तिकीट काढून बसलो तर तेवढीच चार माणसं जास्त मोजली जातात. मला एवढंच म्हणायचंय.

तळमजला:
हे पटतं. आमच्या घराच्या माहितीत मी जवळच्या स्टॉपचं नाव आणि शेवटच्या बसची वेळ टाकलेली नाही, ती टाकते. करावरचं माझं मत बदललेलं नाही.

कृष्णाकाठ:
टाका. शाळेच्या दिवसांची खूणही टाका.

दोन_पोरांचा_बाप:
मी अजूनही म्हणतो, लहान पोरं आणि म्हातारी माणसं असतील तर आडगावात नकोच. पण "घेऊच नका" जरा जास्त झालं, ते दुरुस्त करतो. बायको म्हणतेय मे मध्ये बार्मथ बघू, स्टेशनजवळ. प्रॅम ट्रेनमध्ये न दुमडता राहते का?

माळरान:
व्हीलचेअरची जागा रिकामी असेल तर राहते, नाहीतर दुमडावी लागते, एकाने दीड वर्षाच्याला कडेवर घ्यायचं. आईंना समुद्राच्या बाजूची खिडकी द्या, उत्तरेला जाताना पुलावर समुद्र डावीकडे येतो. शनिवारीच पोचा. रविवारी आणि बँक हॉलिडेला बसचं टाइमटेबल वेगळं असतं, ते निघायच्या आदल्या आठवड्यात परत बघा.

लीड्सची_मावशी:
आणि भाजणी न्या. भाजणीला जागा लागत नाही.